मामांची हिरवी पट्टी

रविवारी दुपारी जेवणं आटोपली, की आमच्या घरातले सगळे कानाला हेडफोन लावून बसतात. मी स्वयंपाकघरालगतच्या टेबलाशी, नवरा पलंगावर आणि सासरे बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. नणंद तिकडं सिल्लोडला, तिच्या सासरी मक्याची पोती ठेवतात त्या खोलीत बसते, कारण त्या घरात इंटरनेट तेवढ्याच जागी नीट येतं. सासूबाई खेळत नाहीत. त्या भांडी आवरता आवरता आमच्यावर लक्ष ठेवतात आणि अधूनमधून विचारतात, मेला का तो?

तो म्हणजे राक्षस. खेळ असा, की चौघांनी मिळून एका भुयारात शिरायचं, वाटेत येतील त्यांना मारत शेवटच्या मोठ्या राक्षसापर्यंत पोचायचं आणि घड्याळ संपायच्या आत त्याला आडवं करायचं. एकानं पुढं उभं राहून सगळा मार अंगावर घ्यायचा, तो टँक. दोघांनी मारत सुटायचं. आणि एकानं मागं राहून सगळ्यांना जिवंत ठेवायचं, तो हीलर. ज्याचा जितका जीव शिल्लक, तितकी त्याच्या नावाखालची पट्टी हिरवी. मारणारे म्हणजे नवरा आणि नणंद. हीलर मी. आणि टँक आमचे सासरे, ज्यांना आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं मी मामा म्हणते. सासूबाईंना आत्या.

मामा वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा पहिले काही महिने ते शिफ्टच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे आणि गॅलरीत उभं राहून कंपनीची बस जाताना बघायचे. बस गेली की त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. नवऱ्याला ते बघवेना. त्यानं एके दिवशी त्यांच्या हातात माउस दिला आणि टँकचं काम समजावून सांगितलं. मामा म्हणाले, “पुढं उभं राहून मार खायचा ना? जमंल की. जिंदगीभर दुसरं काय केलं?” तेव्हापासून आमच्या घरात टँकची जागा दुसऱ्या कुणाची नाही.

आता घोड्याचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्या घोड्यासाठीच चाललं होतं. या खेळात हंगाम असतात. एका हंगामातलं सगळ्यात अवघड भुयार वेळेत पार केलं, तर बक्षीस म्हणून घोडा मिळतो. हंगाम संपला की तो घोडा पुन्हा कधीच मिळत नाही. त्या हंगामाचा घोडा काळाभोर होता, पाठीवर लाल झूल, कपाळावर चांदीचं चंद्रासारखं काहीतरी. मामांनी त्याचं चित्र पाहिलं, पडद्याजवळ सरकून पुन्हा पाहिलं. मग इतकंच म्हणाले, “हे पाहिजे.”

का पाहिजे, ते मला आत्यांनी सांगितलं. मामांचं गाव खुलताबादच्या पलीकडं. “लग्नात घोड्यावर बसायची लई हौस होती यांना,” आत्या म्हणाल्या. “घोडं ठरवलंबी होतं. गावातली मोठी मंडळी आडवी आली. तुमच्यातला नवरदेव घोड्यावरून आमच्या दारासमोरून जाणार नाय म्हणले. मग हे पायी आले.” एवढं बोलून त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मामांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं, आणि मीही त्यांना कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो घोडा मिळवायचाच, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

आणि तो काही मिळेना. दर रविवारी आम्ही शेवटच्या राक्षसापर्यंत पोचायचो, त्याला अर्धा लोळवायचो आणि घड्याळ संपायचं. नणंद आमच्या चौघांची म्होरकी. ती गोड बोलते, पण गोड बोलून कान पिळते. तिनं आधी माझ्याकडं आणि मग नवऱ्याकडं हळूच विषय काढला, की तिच्या ओळखीचा एक तरबेज टँक आहे, एकदा त्याला घेऊन बघू, बाबांना वाईट वाटणार नाही अशा बेतानं सांगू. बेतानं सांगायची वेळच आली नाही. पुढच्या रविवारी हरल्यावर मामांनी स्वतःच हेडफोन काढून ठेवला. “माझंच कमी पडतंय. दुसरा गडी घ्या तुम्ही,” म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. रविवारी बसही नसते.

मला भयंकर राग आला. नणंदेचा नाही, नवऱ्याचा नाही, त्या घड्याळाचा. मी नणंदेला सांगितलं, हंगामाचे दोन रविवार उरलेत, दोन्ही मामांबरोबरच खेळायचे. हीलर मी आहे, वेळ कशी वाचवायची ते मी बघते.

खरं तर वेळ वाचवणं हाच माझा धंदा. वाळूजला एका कारखान्यात मी टाइम स्टडीचं काम करते. माणूस मशीनवर काम करत असताना शेजारी उभं राहायचं आणि त्याचा कुठला हात उगाच हलतो ते शोधायचं. त्यामुळं कारखान्यात मी आले की लोक चहाला जातात. तर मी माझ्या हीलरची बांधणी उकलायला घेतली. कुठले मंत्र ठेवायचे, अंगावर काय घालायचं, कशानं ताकद वाढते, कशानं वेग. गेमवाले याला बिल्ड म्हणतात. आधी मला वाटलं, मामा कमी पडतात म्हणजे माझं बळ कमी पडतंय. म्हणून मी सगळ्यात दांडगा मंत्र घेतला, एका दमात पूर्ण पट्टी हिरवी करणारा. त्यानं आणखीच पंचाईत झाली. एवढे मोठे मंत्र टाकले की हीलरची शक्ती संपते, मग तिला वाटेतच बसून पाणी प्यावं लागतं, आणि बाकीचे तिघं तिच्याभोवती ताटकळत उभे राहतात. सरावाच्या वेळी नवरा म्हणाला, पाणपोईच लावलीस तू. मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट पुन्हा पडद्याकडं वळला.

शेवटी मी जे कारखान्यात करते ते घरी केलं. हरलेल्या डावाचं रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं आणि चहा घेऊन एकटीच बघत बसले. कुठला हात उगाच हलतोय? थोड्याच वेळात सापडला. माझाच होता. मामांची पट्टी नखाएवढी कमी झाली, की मी मंत्र टाकत होते. ती भरलेली असतानाही टाकत होते. नवऱ्याची पट्टी लाल झाली तरी चालेल, पण मामांची हिरवीगार पाहिजे. मला हसूच फुटलं, कारण हे मी ओळखत होते. माझ्या माहेरीही असंच आणि इथंही असंच: थोरल्यांच्या ताटात रिकामी जागा दिसली की हात आपोआप पातेल्याकडं जातो. मी मामांना खेळात वाढत होते. भरल्या ताटात, डावावर डाव.

पण एवढ्यानंही हिशेब जमेना. मी रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं, या वेळी फक्त मामांकडं बघत. आणि मला दुसरी गोष्ट दिसली. पट्टी जरा उतरली की मामा दोन पावलं मागं सरत होते. टँक मागं सरला की राक्षस त्याच्या मागं जातात, आणि मारणाऱ्या दोघांना पुन्हा पळत जाऊन ते गाठावे लागतात. दर वेळी दोन पावलं, आणि ही दोन पावलं सगळ्या भुयारभर. भिऊन मागं सरत असतील म्हणावं, तर मामा भिणाऱ्यातले नाहीत. मी गॅलरीत गेले आणि सरळ विचारलं, मामा, तुम्ही मागं का सरता?

मामा ओशाळले. म्हणाले, “तुला धावपळ व्हती ना. मी मार खातो, तू पळत येती, मग दम खायला बसती. म्हणलं, कमी मार खाल्ला तर तेवढीच तुला सवड.”

मला एकदम त्यांचं ताट आठवलं. रोज जेवताना मामा तिसऱ्या भाकरीला ताटावर हात आडवा धरतात आणि पोट भरलं म्हणतात. मला वाटायचं, जेवणच तेवढं आहे त्यांचं. आता कळलं, मी लवकर जेवायला बसावं असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना वाढत सुटले होते आणि ते मला सुट्टी देत होते, आणि या सगळ्या माणुसकीत राक्षस खुशाल जगत होता. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला जोरात हसूही आलं. मामा मला विचारत राहिले, काय झालं, काय झालं.

“मामा,” मी म्हणाले, “येत्या रविवारपासून तुम्ही मागं सरायचं नाही. आणि मी तुमच्याकडं बघणार नाही.”

“बघूच नको,” मामा म्हणाले. “तेच बरं.”

मग खरी बांधणी सुरू झाली. दांडगा मंत्र काढून टाकला. त्याच्या जागी एक बारीकसा घेतला, जो एकदा लावला की थेंब थेंब जीव देत राहतो आणि हीलरला मोकळं सोडतो. नणंदेनं त्याचं नाव ठेवलं ठिबक. मार पडायच्या आधीच अंगावर चढवायचं एक कवच घेतलं. जीव वाढवणारी अंगठी काढून हात चपळ करणारी घातली. आणि उरलेल्या वेळात हीलरनं नुसतं बघत बसायचं नाही, तीही मारणार, म्हणून आगीचा एक मंत्र घेतला. फोनवर नणंद आणि मी एकेक वस्तू काढत होतो, घालत होतो, भांडत होतो. तिच्या घरचे म्हणे विचारत होते, कुणाच्या लग्नाची खरेदी चाललीय?

एकच अडचण उरली, ती म्हणजे माझा हात. कागदावर सगळं ठरलं तरी मामांची पट्टी उतरली की बोट आपसूक वळायचं. शेवटी मी कपाळावरची टिकली काढली आणि पडद्यावर मामांच्या पट्टीवर चिकटवली, डावीकडून जरा आत. हिरवा रंग टिकलीच्या उजवीकडं दिसतोय तोवर हात लावायचा नाही, असं ठरवलं. आत्यांनी ते पाहिलं आणि विचारलं, हे काय नवीन? मी म्हणाले, मामांचा जीव आहे त्यात. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पहिल्या रविवारी घोडा थोडक्यात हुकला. शेवटच्या रविवारी मामांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, कुणी बघणार नसताना. नणंदेनं सुरुवातीलाच बजावलं, कुणी मेलं तर घड्याळातले काही सेकंद कापले जातील, तेव्हा जपून. मग आम्ही शिरलो. मामा राक्षसांच्या एका टोळीपाशी थांबेचनात. पहिलीला मागं घेऊन दुसरीवर, दुसरीला घेऊन तिसरीवर, नुसते पुढं. मी ठिबक लावत होते, कवच चढवत होते आणि मधल्या वेळात आग ओकत होते. पाणी प्यायला एकदाही बसले नाही. नवरा म्हणाला, आज वेगळीच मजा येतीय, आणि नणंदेनं त्याला बोलू नको म्हणून दटावलं.

शेवटच्या राक्षसापाशी पोचलो तेव्हा घड्याळात वेळ होता, पण भरपूर नव्हता. मामा त्याच्यासमोर उभे ते उभे. त्यांची पट्टी टिकलीपाशी आली, टिकलीच्या डावीकडं गेली. राक्षसाचीही शेवटची रेघ उरली होती. त्या क्षणी एक तर मामांना वाचवता आलं असतं, नाही तर राक्षसाला मारता आलं असतं. मामांना वाचवलं असतं तर घड्याळ गेलं असतं. नवरा ओरडला, बाबा चालले, बाबांना दे.

“मरू द्या मामांना,” मी ओरडले, “तुम्ही मारत राहा.”

उन्हाळ्याची दुपार, खिडक्या उघड्या. खाली भाजीवाला थांबला. आत्या उलथनं हातात घेऊन धावत बाहेर आल्या आणि आधी मामांच्या खुर्चीकडं गेल्या. मामा खुर्चीत बसून खदखदा हसत होते. पडद्यावर ते आडवे पडले होते. त्यांच्या शेजारी राक्षसही पडला होता. घड्याळातनं मामांच्या मरणाचे सेकंद कापले गेले आणि तरीही वरती हिरव्या अक्षरांत विजय लिहून आलं. सिल्लोडवरून नणंद रडत होती की हसत होती, ते कळत नव्हतं.

“आधी मला उठव,” मामा म्हणाले. “मग घोडं बघू.”

मी त्यांना उठवलं. घोडा आम्हा चौघांनाही मिळाला होता. मामांनी बटण दाबलं आणि तो काळाभोर घोडा लाल झुलीसकट त्यांच्या पायाखाली उभा राहिला. आम्ही तिघांनीही घोडे बाहेर काढायला हात उचलला होता, पण नणंद हेडफोनमध्ये हळूच म्हणाली, “वहिनी, आपण पायीच चालू.” मग मामा घोड्यावर आणि आम्ही तिघं मागं, असे भुयारातनं बाहेर पडून त्या खेळातल्या गावात शिरलो. नवऱ्यानं खेळातल्या त्याच्या माणसाला नाचायला लावलं. नणंदेनं तिच्याकडचे सगळे फटाके उडवले. अनोळखी खेळाडू थांबून बघायला लागले, दोघं-चौघं कोण कुठले आमच्या मागं चालायलाही लागले. मामा मोठ्या रस्त्यानं घोडा अगदी सावकाश नेत होते, एकेका दारासमोरून.

आत्या त्यांच्या खुर्चीमागं उभ्या होत्या. हातातलं उलथनं तसंच होतं. थोड्या वेळानं त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि पडद्याकडं बोट करून मामांना विचारलं, “मी कुठं उभी हाय यात?”

मामांनी घोडा थांबवला. रस्त्याच्या टोकाला एक घर होतं, दाराशी दिवा लावलेलं. “तिथं,” ते म्हणाले. “तिकडंच चाललोय.”