खालचा चिखल जुना नव्हता

अनघा शेवटच्या कोअरवर लेबल चिकटवत होती, तेव्हा मी तिला विचारलं, "बाय, ह्या चिखलाचा तुमी करतलास काय?"

तीन दिवस मी बाहेरून आलेल्या त्या लोकांबरोबर खाडीत उतरत होते. तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढणं हा माझा धंदा. मालवणजवळच्या आमच्या खाडीचा तळ मला पायाने कळतो, म्हणून त्यांच्या सरांनी मला जागा दाखवायला घेतलं होतं. काम कशाचं, ते सांगितलं नव्हतं. चौथी शिकलेल्या बाईला काय सांगायचं, असं वाटलं असेल. ही २००९च्या आसपासची गोष्ट.

कोअर म्हणजे चिखलाची काठी. पोकळ पाइप चिखलात घुसवायचा, फिरवून वर काढायचा. आतला चिखल थरांसकट अखंड निघतो.

अनघा नागपूरची, ट्रेनिंगला आलेली. तिने मला नीट समजावलं. खाडीतले कांदळ, म्हणजे खारफुटीची झाडं, हवेतला कार्बन घेतात. त्यांची पानं, मुळं चिखलात गाडली जातात आणि खाऱ्या चिखलात लवकर कुजत नाहीत. म्हणजे तो कार्बन तिथेच कोंडून राहतो. तो मोजायचं काम आपल्याकडे नवीन होतं. आजवर यांचे नमुने परदेशी जायचे. या वेळी पहिल्यांदाच आपल्या लॅबमध्ये तपासणार होते. गाडी संध्याकाळी निघणार होती. नमुने चुकले तर पुढचं ट्रेनिंग बंद, असं सरांना वरून सांगितलेलं.

"खालचा थर जुना, वरचा नवा," अनघा म्हणाली. "त्यावरून किती वर्षांत किती साठला ते काढतात."

"खालचो जुनो? हयसर नाय," मी म्हटलं.

त्या जागेचा चिखल आम्ही दर दोन-तीन वर्षांनी शेताच्या बांधाला काढायचो. कमरेएवढा खड्डा पडायचा आणि पावसाळ्यात खाडी तो परत भरायची. मला गप्प बसता आलं असतं, कारण जागा मीच दाखवली होती. पण चिखलाबद्दल कोणी चुकीचं लिहून ठेवलेलं मला खपत नाही. सर मोबाइलच्या रेंजसाठी बांधावर चढले होते. त्यांना खाली बोलावलं.

"मावशी, तिथे तर पाइप किती सहज गेला," सर म्हणाले.

"जातलोच. दोन वर्सांचो चिखल तो."

"मग तीच जागा का दाखवलीत?"

"पाइप सहज जाईल अशी जागा तुम्ही मागितलीत. मी दिली."

सरांना पटेना. खालचा थर मालवणचा किल्ला बांधला तेव्हाचा असेल, असं ते सगळ्यांना सांगून बसले होते. शेवटी त्यांनी एक कोअर उभा चिरला. हातभर खाली गुटख्याची पुडी निघाली. तिचा रंगही गेला नव्हता.

होडीवाला बाबलो वाकून बघत म्हणाला, "किल्लो बांधी होते तेव्हा गुटखो गावायचो, ह्या माका म्हायत नव्हता."

कोणी हसलं नाही. अनघाचे डोळे भरले.

"रडान काय होवचा नाय. होडयेत बस," मी तिला म्हटलं. ओहोटी अजून तास-दीड तास होती.

आतल्या वळणावर कांदळ दाट आहेत. मुळांमुळे फावडं चालत नाही, म्हणून तिथे कधी कोणी खणलेलं नाही. पाइपही सहज जाणार नव्हता, म्हणून मी ती जागा सांगितलीच नव्हती.

होडीतल्या फळ्या चिखलावर टाकून आम्ही उभे राहिलो. तीनदा पाइप मुळांवर अडला. चौथ्यांदा जोर लावताना अनघाचा पाय फळीवरून सुटला आणि ती मांडीपर्यंत रुतली.

"पाय ओढू नकोस. पोटावर आडवी पड."

पडली. मग मी आणि बाबलोने तिला ओढून घेतलं. तोंडापासून पायापर्यंत काळी.

"आता तू मालवणची झालंस गो," बाबलो म्हणाला. या वेळी ती हसली.

पाचव्यांदा पाइप गेला. कोअर उघडला तर वर तपकिरी, मध्ये काळा, खाली निळसर चिखल. मुळांचे धागे जागच्या जागी. अगदी तळाला एक तिसरी होती, दोन्ही शिंपा जोडलेल्या. मी सरांना ती दाखवली. उपसलेल्या चिखलात शिंपा सुट्या होतात. ही मेली तिथेच राहिली होती. म्हणजे त्या चिखलाला कोणाचा हात लागला नव्हता.

सर फळीवरच खाली बसले. पाणी चढायच्या आत आम्ही आणखी पाच कोअर काढले. ते मासळीच्या बर्फपेटीत घातले आणि गाडी तासभर उशिरा गेली. आधीचे कोअर बाबलोने बांधाच्या भोकात थापले.

महिन्याभराने सर स्वतः घरी आले. लॅबमध्ये थर ओळीने लागले होते, खालचा जुना, वरचा नवा. ट्रेनिंग चालू राहणार होतं.

माणसाला जागा विचारायची तर काम काय, तेही सांगावं. नाहीतर मागितलं तेवढंच मिळतं.

पुढच्या वर्षी नवीन लोक आले. होडी सुटायच्या आधीच सर मला कार्बन समजावून सांगायला लागले. चांगला अर्धा तास बोलले. मला एवढं नको होतं, पण मी थांबवलं नाही.