अक्षरांखालचं लेकरू

जैनथमध्ये कुणाच्या घरी काय शिजलं ते वासावरून नाही, शेजारणीवरून कळतं. त्यामुळे नागनाथ पेंटरच्या पोस्टरची गोष्ट चाळीसेक वर्षं गावात फिरत होती, आणि दर फेरीला थोडी जाड होत होती.

मूळ गोष्ट एवढीच. जवानीत नागनाथ हैदराबादला सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका उस्तादाकडे कामाला होता. एका पोस्टरात हिरोईनच्या मांडीवर लेकरू हवं होतं. उस्तादानं ते नागनाथला काढू दिलं आणि त्यानं तिथं आपली लेक वृषाली काढली. छापखान्यानं सिनेमाचं नाव टाकलं ते नेमकं लेकरावर, जाडजूड लाल अक्षरांत. मूळ चित्र छापखान्यातच कुठं तरी गहाळ झालं. सिनेमाचं नाव सांगत नाही. आठवड्याच्या आत उतरला, मेलेल्याला काय नावं ठेवायची. त्याच साली वृषाली तापानं गेली. तिचा फोटो कधी काढलेला नव्हता.

तेव्हापासून नागनाथ ते पोस्टर पेटीत जपायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढं उलगडून अक्षरांवर बोट ठेवायचा, “याच्या खाली आहे माही पोरगी.” टपरीवरचा बंडू मुद्दाम विचारायचा, “पेंटर, पोरगी तर लालच दिसून राह्यली.” लोक हसत. नागनाथही हसे, आणि पोस्टरची घडी करून घरी जाई.

यंदा गावातल्याच मारोतरावानं नेरडीगोंड्याला हमरस्त्यावर भोजनालय काढलं. माणूस हौशी, शहरातल्या कुठल्याशा हॉटेलात त्यानं जुनी चित्रं पाहिली होती. त्याला छापील पोस्टर नको होतं. छापण्याआधीचं, हातानं रंगवलेलं असेल तसं, बिनअक्षरांचं चित्र हवं होतं. नागनाथनं एका शब्दात होकार दिला. गाव म्हणालं, म्हातारा पैशाला भुलला. गावाला काय, ते बोलतच असतं. नागनाथनं दोन कापडं ताणली. मोठं भोजनालयासाठी. लहानावर नुसतं लेकरू काढायचं, ते घरासाठी. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्यानं खिळासुद्धा आधीच ठोकून ठेवला.

पोस्टरवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, कापडावर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या, आणि या चौकटीतलं त्या चौकटीत न्यायचं. हिरोईन सरळ उतरली. मानेखालची निळी सावलीसुद्धा उस्तादाच्या हातची वाटावी अशी. अक्षरांपाशी मात्र चौकटी रिकाम्या राहिल्या.

त्या त्यानं भरल्या, पुसल्या, पुन्हा भरल्या. दर खेपेला तेच लेकरू यायचं. गोल गाल, कपाळावर कुरळी बट, गालाला खळी. उस्तादानं लेकरू म्हणून तेच शिकवलं होतं आणि हाताला दुसरं ठाऊक नव्हतं. बिस्किटाच्या पुड्यावर शोभलं असतं.

शेवटी त्यानं बायकोला, द्वारकाबाईला, हाक मारली. ती पिठाचे हात पुसत आली.

“हे कोण होय?”

“वृषाली.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती बाजूला बसली आणि सांगू लागली. कान बाहेर निघालेले होते, सासूबाईंसारखे. जात्यावर आपटून एक भुवई तुटली होती. केस पातळ, मक्याच्या कणसाला असतात तसे. ती सांगेल तसं नागनाथ रंगवत गेला. कान आले, भुवई आली, पण ती सगळी दुसऱ्याच कुणाच्या लेकराला लागली.

“त्या वक्ती बरोबर आलती,” तो म्हणाला. “आता हात गेला माहा.”

द्वारकाबाईनं पोस्टरवरच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

“त्या वक्ती तुमी तिले पाह्यलंच कुठी होतं? पालथी पडत होती तवा गेले तुमी हैदराबादले. आले ते तिची माती झाल्यावर. मधात ती चालाले लागली, बोलाले लागली. तोंडच बदललं होतं तिचं.”

नागनाथनं कुंचला खाली ठेवला.

“मंग इतकी वर्सं काऊन नाई सांगतलं?”

“तुमच्यापाशी तेवढंच होतं. पन आता तुमी हे भितीले लावसान. मले रोज पाहा लागन.”

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही, असं शेजारच्या रेणुकाबाईचं म्हणणं. सकाळी लहान कापडावर पांढरा रंग फासलेला होता. मोठ्यावर नागनाथ लाल अक्षरं लिहीत बसला होता, पोस्टरवर होती तशीच, तिथंच.

मारोतरावाचं तोंड उतरलं. “मामा, अक्षरं नको म्हटलं होतं ना. खाली लेकरू होतं म्हणते सारं गाव.”

“खाली काई नोतं,” नागनाथ म्हणाला.

गावानं मग ठरवून टाकलं की म्हातारा चेहरे विसरला. बंडूनंही टपरीवर पोस्टरची चौकशी सोडली. गंमत गेली होती. खिळ्याला आता चष्म्याची पिशवी असते.

पुढं एका लग्नाला जाताना रेणुकाबाई आणि द्वारकाबाई नेरडीगोंड्याला बस थांबली तशा उतरल्या आणि मारोतरावाकडे चहाला बसल्या. रेणुकाबाई मीठमसाल्याशिवाय काही सांगत नाही, पण एवढं मात्र तिनं साधंच सांगितलं. भिंतीवरच्या त्या चित्रात खालच्या एका अक्षरावर कुणाच्या तरी ताटातलं वरण उडून वाळलं होतं. द्वारकाबाई उठली, पदराचं टोक पाण्यानं ओलं केलं आणि तो डाग हळूहळू पुसला. बस हॉर्न देत होती. ती अजून पुसतच होती.