दाजींच्या कॅप्सुली आणि सोन्याचा खांदा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका, म्हणजे आमच्या दाजींइतका हट्टी माणूस कोळवण खोऱ्यात पुन्हा जन्मलाच, तर खोऱ्यानेच दुसरीकडे राहायला जावं. जंतू ही भानगड त्यांच्या मते पुण्याच्या लोकांनी रिकामपणी काढलेली होती. "डोळ्याला दिसत न्हाई, त्याला भ्यायचं व्हय?" असं विचारून ते खो खो हसत. कुठं कापलं, खुपलं की भाताचं रोप टाकायला जाळलेल्या राबाची राख त्यात दाबायची, एवढीच त्यांची वैद्यकी. आणि ती ते वाटेत भेटेल त्याच्यावर चालवत. एकदा माझ्या सोललेल्या गुडघ्यात त्यांनी इतकी राख भरली, की तिथं रोप उगवतंय की काय अशी मला धास्ती पडली.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भाताच्या आवणीत, रोपं लावताना चिखलात त्यांच्या टाचेत काटा मोडला. राख झालीच. पाय भोपळ्यासारखा सुजला, ताप चढला, तेव्हा बहिणीने रडून-भांडून त्यांना एसटीत घातलं आणि पौडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, कॅप्सुली दिल्या आणि बजावलं, "हे जंतू साधे नाहीत, मांस खात वर चढतात. बरं वाटलं तरी औषध मध्येच सोडायचं नाही." ताप उतरला. आणि या महापंडितांनी काय करावं? सोन्या बैलाचा खांदा जू लागून चिघळला होता, त्यावर उरलेल्या कॅप्सुली फोडून पूड टाकली! बहीण ओरडली तर म्हणाले, "मला बेस वाटतंय. त्यो मुका जीव, त्याला कोन देनार?" आणि पुन्हा चिखलात उतरले.

पाय परत सुजला, काळा पडला. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापला, म्हणून जीव तरी राहिला.

मी खाटेपाशी गेलो तो त्यांना फाडून खायच्या तयारीनेच. एसटीत बसून सगळं भाषण जुळवलं होतं. त्यात 'मूर्ख' हा शब्द पुन्हापुन्हा येत होता. दाजी पांघरुणाच्या सपाट जागेकडे बघत पडले होते. मला पाहताच म्हणाले, "सोन्याचा खांदा भरला का रं?"

खांदा खरंच भरला होता. मी तसं सांगितलं.

"मंग झालं की," दाजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

भाषण तसंच घेऊन मी परत आलो. दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते भाषण मला अजून पाठ आहे, आणि ऐकवायला कुणी नाही.