काफी होणा

माझ्या धाकट्या जावेची नोकरी मी एका दुपारी शुद्ध मराठीच्या पायी जवळजवळ घालवली, हे आधीच सांगून टाकते. मी नाही सांगितलं तर ती सांगेल, आणि ती सांगते तेव्हा माझा आवाज काढून, माझी मान वाकडी करून सांगते. त्यापेक्षा स्वतःच्या तोंडानं लाज काढलेली बरी.

तिच्यासारखी बाई आमच्या कुंभकोणमात दुसरी नाही; तंजावरपर्यंत शोधली तरी मिळायची नाही. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, पुढची खोली माझी, मागची तिची, मधलं स्वयंपाकघर दोघींचं. माणसांशी ती बेताचं बोलते. यंत्रांशी मात्र दिवसभर वाद चालू. इडलीचं पीठ वाटताना ग्राइंडर अडला की ती त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि विचारते, "काल दोसे खाल्ले ते कोणाच्या जिवावर रे?" ग्राइंडरनं दोसे खाल्लेले नसतात, पण तो चालू होतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एटीएममधली बाई मोठ्यानं काही सांगायला लागली की ही तिला हळू बोलायला सांगते, मागे लोक उभे आहेत म्हणून. पापनाशमच्या स्टेशनावर एकदा, गाडी उशिरा येत असल्याबद्दल दिलगीर आहोत असं भोंगा पुन्हापुन्हा सांगत होता. ही थेट भोंग्याखाली जाऊन उभी राहिली आणि मान वर करून म्हणाली, "दिलगीर आहेस तर लोकर पाठव की." लोकर म्हणजे लवकर. आमच्या तंजावरकडच्या मराठीत तसंच म्हणतात. मी दोन खांब पलीकडे सरकून अनोळखी बाईसारखी उभी राहिले होते.

दुसरी खोड त्याहून अवघड. कोण काय म्हणालं हे विचारलं तर ती सारांश सांगत नाही, जसंच्या तसं सांगते. मधली ढेकर, खाकरणं, अडखळणं, सगळ्यासकट. माझ्या मुलीचं लग्न ठरताना आमच्या ह्यांनी आत येऊन हळूच म्हटलं होतं की, मुलाचे काका सांबार ओरपतात ते विहीर उपसल्यासारखं वाटतं. काकांनी जाताजाता हिला सहज विचारलं, "अण्णा काय म्हणत होते?" हिनं सांगितलं. ह्यांच्या आवाजात, ह्यांच्या हसण्यासकट, विहिरीच्या आवाजासकट. लग्न मोडलं नाही हे देवाचे उपकार. पण काका अजून आमच्याकडे जेवतात ते पूजेला बसल्यासारखे मुकाट्यानं.

आणि तिसरी गोष्ट, तिला आपण हसायचं नाही असं मी ठरवलं आहे. तिला जन्मभर आफिसात जायचं होतं. शाळा दहावीला सुटली, तीही तमिळमधली; देवनागरी आली ती पोथ्यांवरून. पुढे लग्न, अप्पळम म्हणजे आमचे पापड, लोणची. पण आफीसवाले डबा खातात म्हणून ही लग्न झाल्यापासून रोज एक वाजता डबा भरून एकटी गच्चीवर जायची, तिथे जेवायची आणि खाली येऊन तोच डबा घासायची. विचारलं तर म्हणायची, "अक्का, सवय असलेली बरी."

ती सवय पन्नाशी ओलांडल्यावर उपयोगी पडेल असं कोणाला वाटलं होतं? गोविंदपुरमला विठोबाच्या देवळात भजन संपल्यावर चेन्नैची एक तरुण मुलगी भेटली. तिची कंपनी यंत्राला माणसांच्या भाषा शिकवत होती, आणि आपल्या मराठीतलं बोलणं ऐकून ते जसंच्या तसं टाइप करणारं माणूस तिला मिळत नव्हतं. शिकलेली मुलं म्हणे ऐकतात एक आणि लिहितात बरं दिसेल ते. तिनं हिला तमिळमध्ये विचारलं, "मामी, यंत्रांशी तुमचा काही संबंध?"

"बोलणं आहे," ही म्हणाली. "ती उत्तर देत नाहीत इतकंच."

"आता देतात," ती मुलगी म्हणाली.

असं आमच्या घरात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. एक लॅपटॉप आला, कानाला लावायचं आलं, आणि मागच्या खोलीचं दार दहाला बंद होऊन पाचला उघडायला लागलं. एक वाजता दाराआड डबा उघडल्याचा आवाज यायचा. मी विचारलं, हे तू नक्की शिकवतेस कोणाला? ती म्हणाली, "लेंकरू आहे, अक्का. कान आहेत, घर नाही." नोकरी अजून कच्ची होती. पहिलं काम पसंत पडलं तर कायम, नाही तर नमस्कार.

त्या कामासाठी तिनं ओळखीपाळखीच्या म्हाताऱ्यांना बोलतं करून त्यांचे आवाज टिपून घेतले, त्यात मीही होते. मी तयारी करून, इस्त्रीची साडी नेसून, तुळशीच्या गुणांवर व्याख्यान दिलं. माझं मराठी पुण्याचं आहे, असा माझा समज. तो कसा झाला तेही सांगते. लग्नाआधी मी एकदा नातेवाइकांकडे पुण्याला गेले होते. तहान लागली म्हणून म्हटलं, "मज पाणी होणा." होणा म्हणजे हवं, आमच्या घरांत शेकडो वर्षं लोक असंच पाणी मागत आले आणि त्यांना ते मिळत आलं. तिथली एक मुलगी खो खो हसली. "पाणी होणार? कोण होणार पाणी?" मला पाणी मिळायच्या आत सगळं घर हसून झालं. त्या दिवसापासून मी मूर्ख पोरीनं होणा सोडला. पुण्याहून मासिकं मागवली, आरशापुढे उभं राहून "हवं आहे", "हवं आहे" घोकलं, आणि सासरी आल्यावर सगळ्यांचं बोलणं सुधारायला घेतलं. सासूबाईंचंसुद्धा. त्या शेवटी शेवटी माझ्याशी खुणांनीच बोलत.

तर काम तयार झालं त्या दिवशी जावेला एका बारशाला सुंदरपेरुमाळ कोयिल ह्या गावी जायचं होतं आणि वीज गेलेली. निघताना म्हणाली, "अक्का, वीज आली की ते हिरवं बटण तेवढं दाबा. दुसरं कायही करूं नका."

वीज आली. मी बसले. दाबायच्या आधी सहज पाहिलं. सगळीकडे होणा. सगळीकडे असकी, म्हणजे आमच्यात सगळे. 'सांगितलं' नाही, 'सांगटलों'. मध्येच पुरेऐवजी तमिळमधलं पोरुम. कंसात खोकला, कंसात नाक ओढणं. हे उद्या यंत्र शिकणार, आणि पुण्यातली ती मुलगी, आता तीही आजी झाली असेल, ऐकून पुन्हा हसणार, असं मला वाटलं. नातीला निरोप पाठवून पाठवून टाइप करणं मला येत होतंच. पाहुणे यायच्या आधी पोरांची नाकं पुसावीत तशी मी दुपारभर एकेक ओळ पुसत गेले. एका ठिकाणी कोणी गावठी बाई ओरडत होती, "मज काफी होणा, साखर बेताची, लोकर." मी तिला सभ्य केलं. "मला कॉफी हवी आहे, साखर कमी, जरा लवकर." मग मोठ्या समाधानानं हिरवं बटण दाबलं.

दोन दिवसांनी काम परत आलं. लिहिलेलं आवाजाशी जुळत नाही, एक ओळसुद्धा जुळत नाही. पुढचं काम थांबवलं आहे.

जाऊ परत परत वाचत बसली. "अक्का, मी असं लिहिलं असेल का?" तिनं मला विचारलं. मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी मान वाकडी करून, फार मायेनं म्हटलं, "वय होतं गं."

बाकीचं सगळं हसण्यावारी नेता येतं. हे नेता येत नाही.

त्या दिवशी एक वाजता ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्याबरोबर ताटात जेवली. डबा फळीवर पालथा होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. ग्राइंडर अडला, तर मुकाट्यानं हातानं ढकलून चालू केला. कानात तेल घालून डोळे मिटून बसायची. "कान गेले माझे," म्हणायची, "आणि मला कळलंही नाही." मी शेजारी बसून भेंडी चिरत होते.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. जावेनं तो मोठ्यानं लावला, कारण आपल्या कानांवर तिचा विश्वास उरला नव्हता. मुलगी म्हणाली, "मामी, वाईट वाटतं, पण काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल. हे ऐका, आणि तुम्ही काय लिहिलंय ते पाहा." आणि फोनमधून आवाज आला, "मज काफी होणा, साखर बेताची, लोकर."

तो आवाज माझा होता. तुळशीचं व्याख्यान संपल्यावर, यंत्र बंद झालं असं समजून मी स्वयंपाकघराकडे पाहून दिलेली हाक. चाळीस वर्षं मी असं बोलत नव्हते, असा माझा समज.

जाऊ काही बोलायच्या आत मी फोनपाशी गेले. सुंदर, शुद्ध कबुली मनात तयार होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "असकी माझं काम. तिचं नोहे."

जावेनं विचारलं तसं मी तिला बटणापासून नाकं पुसण्यापर्यंत सगळं सांगितलं. मग काय घडलं हे त्या मुलीनं विचारलं, आणि ते कोणाला विचारलं तर जावेला. तिनं सारांश सांगितला नाही. हिरवं बटण, नाकं पुसणं, आणि शेवटी "वय होतं गं", माझ्या आवाजात, माझ्या मायेसकट. मग ती मुलगी हसली, आणि म्हणाली, "मामी, आता जसं सांगितलंत ना, तसंच लिहून पाठवा."

मी सगळं पुसून टाकलेलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून ऐकणं आलं. ती ऐकत होती, टाइप करत होती. मी शेजारी विंझण घेऊन वारा घालत. रागाचा एक शब्द बोलली नाही, आणि यंत्राशी पुन्हा बोलायला लागली होती, तेवढंच मला पुष्कळ. नोकरी पुढे कायम झाली. एक वाजता दार बंद असतं.

पण त्या दिवशी पुन्हा लिहिण्याचं काम संपत आलं, खिडकीतून सांजेचं ऊन लॅपटॉपवर आलं, तेव्हा माझी ओळ राहिली होती. घरात आता हे बोलणं बोलणाऱ्या आम्ही दोघीच. चेन्नैची नात माझ्याशी तमिळ बोलते आणि फोनशी इंग्रजी. मी म्हटलं, "एवढी एक ओळ गाळ गं. काफीची हाक ती, तिच्यात शिकण्यासारखं काय आहे?"

तिनं कानावरचं काढलं, टाइप केलेलं एकदा पाहिलं, कंसात माझं नाक ओढणं घातलं आणि म्हणाली, "आपण असकी गेल्यावर हें यंत्रच एकटं बसून 'काफी होणा' म्हणेल, अक्का. साखर किती म्हणून विचारायला कोण्ही नसेल."