रुखमिणीचा खांदा

सानगडीत धान रोवण्याच्या दिवसांत बायांची टोळी हवी असली की लोक आधी रुखमिणीच्या दारात यायचे. मजुरीचा भाव, सुट्टीची वेळ, कोणाच्या शेतातल्या बांधीत आधी उतरायचं, हे सगळं तीच ठरवायची. तिच्याशी घासाघीस करून कोणी जिंकल्याचं गावाला आठवत नव्हतं. नवरा टिकाराम मवाळ माणूस. तलावाखालची आपली धानाची शेती भली आणि आपण भले. बोलायचं खातं त्यानं लग्नानंतर लवकरच बायकोकडे सोपवून टाकलं होतं.

अशी ही बाई धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी चुलीपुढे बसल्या जागी कलंडली. लकवा होता. भंडाऱ्याला नेलं म्हणून जीव वाचला, जीभही हळूहळू वळू लागली. पण घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय ओल्या पोत्यासारखे अंगाला लटकत होते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की पहिले काही महिनेच मोलाचे आहेत, व्यायाम चुकवू नका.

व्यायाम भंडाऱ्यातल्याच एका खासगी दवाखान्यात होता. तिथल्या करुणा मॅडम फार बोलायच्या नाहीत. रुखमिणीच्या मेलेल्या हाताखाली आपला तळवा ठेवायच्या, दुसऱ्या हातानं खांदा सांभाळायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता तुम्ही." हात हलायचा नाही. तरी त्या तळवा काढायच्या नाहीत, वाट पाहायच्या. एक दिवस कोपर जरासं सरकलं तेव्हा रुखमिणीच्या आधी त्यांनाच कळलं.

पण सानगडीहून भंडारा म्हणजे अख्खा दिवस. भाड्याची गाडी, टिकारामचं काम बुडणं, सून डिंपलचं शिवणकाम बुडणं. आणि परत आल्यावर रुखमिणी दुसऱ्या दिवशीही पाठ धरून पडून असायची. मॅडमच्या फीपेक्षा रस्ताच जास्त खात होता. मुलगा धर्मेंद्र साकोलीच्या राइस मिलमध्ये कामाला होता. हप्त्यातून तीनदा गाडी करणं त्याच्या पगाराला झेपेना. तेवढ्यात दवाखान्यानंच व्हिडिओ कॉलवर व्यायाम करून घ्यायची योजना काढली. घरबसल्या उपचार, खर्च पाव हिश्श्यावर. धर्मेंद्रनं त्याच दिवशी नाव नोंदवलं. रुखमिणीनंही मान डोलावली. तिलाही गाडीतल्या हादऱ्यांचा कंटाळा आला होता.

घरात नेटवर्क टिकायचं नाही. ते मागच्या अंगणात, गोठ्यापाशी यायचं. तिथं खुर्ची मांडून डिंपल सासूला बसवायची, फोन बादलीला टेकवायची आणि मग सासूला धरून उभी करायची. फोनमध्ये रोज नवीन चेहरा. तो चेहरा रुखमिणीशी बोलायचाच नाही. "पेशंटला उभं करा. पेशंटचा हात वर घ्या. अजून वर. खांदा दिसत नाही, मोबाईल जरा मागे घ्या." डिंपलनं फोन मागे घ्यायला हात सोडला की रुखमिणी झुकायची, सासूला धरलं की फोन आडवा व्हायचा. कुंपणापलीकडून शेजारीण टक लावून बघत राहायची. शेवटी फोन म्हणायचा, "छान, उद्या पुन्हा," आणि बंद व्हायचा.

खांदा ठणकायला लागला. फोनला सांगितलं तर थोडं दुखणारच, असं उत्तर आलं.

लग्नसराईचे दिवस होते. एका दुपारी डिंपलच्या गिऱ्हाईक ललिताबाई आल्या आणि आपल्या पोरीच्या लग्नाची ब्लाऊजपिसं परत घेऊन गेल्या. डिंपलकडून वेळेत होणार नाहीत, म्हणाल्या. डिंपलनं पिसांची घडी करून दिली आणि मशीनवर चादर टाकली. रुखमिणी खाटेवरून ते पाहत होती. सुनेनं ती मशीन माहेरच्या पैशानं घेतली होती आणि दोन वर्षांत पंचक्रोशीतली गिऱ्हाइकं जोडली होती. त्या दुपारी रुखमिणीला नीट उमगलं की गाडीचं भाडं वाचलं ते कुठून वाचलं.

रात्रीच्या जेवणाला तिनं घास खाली ठेवला.

"उद्यापासून डिंपल माह्या अंगाले हात लावनार नाई."

धर्मेंद्र चमकला. सासू-सुनेचं वाजलं की काय, असं त्याला वाटलं.

"तिचं काहीच चुकलं नाई," रुखमिणी म्हणाली. "फोन सस्ता पडते म्हनतोस ना तू? मंग एक हप्ता तू धर. तुह्या बापाले धरू दे. पाहून घ्या किती सस्ता पडते तो."

टिकाराम म्हणाला, बाईमाणसाची अशी शुश्रूषा करणं पुरुषाला जमत नाही. त्यावर ती एवढंच म्हणाली, की लकवा त्याला झाला असता तर तिला जमलं असतं.

धर्मेंद्रनं मिलमधून सुट्टी घेतली, ती बिनपगारी. पहिल्या दिवशी फोन म्हणाला "अजून वर" आणि त्यानं आईचा हात वर ओढला. रुखमिणी कधी न ओरडणारी बाई, ती ओरडली. त्यानं घाबरून पदर सरकवून पाहिलं. खांद्याशी बोटभर खळगा पडला होता आणि दंड सुजून चकाकत होता. पोरगा फोन तसाच टाकून आईच्या पायाशी बसला.

"भंडाऱ्याले जाऊ," रुखमिणी म्हणाली. "गाडी करू नको. मी येष्टीनं येतो."

साकोलीच्या स्टँडवर बसची पायरी तिच्या गुडघ्याएवढी उंच होती. कंडक्टर घंटी मारायच्या घाईत होता, पाठीमागून लोक रेटत होते. धर्मेंद्र तिला उचलायला पुढं झाला तर तिनं त्याला डाव्या हातानं दूर सारलं. डावा पाय वर, मग दांडा घट्ट धरून उजवा पाय ओढत वर. मधेच थांबून तिनं दम खाल्ला. कंडक्टर म्हणाला, मावशी, चला लवकर. ती म्हणाली, "तिकिटाचे पैसे मोजून घेशील ना बापू? मंग टाइमबी पुरा दे." आणि आपल्या चालीनं वर चढली.

करुणा मॅडमनी खांद्यावर बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला. ओढून ओढून सांधा खाली सरकला होता. तो बराचसा सावरता येईल, पण हात आता डोक्याच्या वर जाणार नाही, हे त्यांनी न लपवता सांगितलं. हे फोनवर दिसण्यासारखं नव्हतं, हातालाच कळलं असतं, हेही सांगितलं.

रुखमिणी रडली नाही. ती लंगडत दवाखान्याच्या पैसे भरायच्या खिडकीपाशी गेली आणि भाव ठरवावा तशा अटी सांगू लागली. पंधरा दिवसांतून एकदा मी येईन, तेव्हा मॅडमनी हातानं पाहायचं. बाकीचे दिवस फोन चालेल, पण फोनवर हीच मॅडम पाहिजे, आणि तिनं माझ्याशी बोलायचं, माझ्या सुनेशी नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, योजनेत असं बसत नाही. रुखमिणी बाकावर बसली. म्हणाली, बसत नसेल तर मी बसते. दुपार टळली तरी उठली नाही. करुणा मॅडम आपलं काम सोडून तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा मोठ्या डॉक्टरांना बाहेर यावं लागलं, आणि तिनं सांगितलं तसंच ठरलं.

आषाढापर्यंत ती काठीवर चालू लागली. ताट उजव्या हातानं धरू लागली. फोन आता टिकाराम धरायचा, बहुतेक वेळा वाकडा. डिंपलची मशीन पुन्हा सुरू झाली होती.

तेव्हा एका सकाळी दवाखान्याची गाडी दारात आली. दोघं जण उतरले, एकाच्या हातात कॅमेरा. बरी झालेली पेशंट म्हणून रुखमिणीबाईंचा व्हिडिओ करायचा होता. तिनं काय बोलायचं तेही त्यांनी सांगितलं: घरबसल्या, कमी खर्चात, फोनवर मी बरी झाले.

रुखमिणी खुर्चीत ताठ बसली. कॅमेरा सुरू झाला.

"फोन सस्ता हाय," ती म्हणाली, "काहून का माही सून फुकट हाय. तिची मजुरी कोनी मोजली नाई. अन् हा खांदा फोननं उतरला, मानसाच्या हातानं बसला."

कॅमेरा बंद झाला. त्यांनी समजावलं, मावशी, आपण पुन्हा घेऊ, फक्त चांगलं चांगलं बोला. पुन्हा सुरू झाला. तिनं तेच वाक्य सांगितलं, या वेळी जरा जास्त स्पष्ट, कारण जीभ आता बरीच सुधारली होती. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. सामान गुंडाळायला लागले.

मशीनची घरघर थांबली होती. डिंपल दारात उभी राहून पाहत होती.

"गाडी भंडाऱ्यालेच जाऊन राहिली ना?" रुखमिणीनं विचारलं.

हो, म्हणाले ते.

"मंग थांबा जराक. आज मॅडमनं माहा खांदा हातानं पाहाची पारी हाय." तिनं काठी घेतली, टिकारामला चपला घालायला सांगितल्या आणि त्या दोघांनी काही म्हणायच्या आत पुढच्या सीटवर जाऊन बसली.