कानांचा कागद

तारबाई,

कामगार कल्याणाचा इतिहास लिहून द्या म्हणून एका संस्थेची दोन तरुण माणसं माझ्याकडे आली होती. चाळीस पानं, छायाचित्रांसकट. मी हो म्हटलं, चार दिवस नेटाने बसले, थोरल्या मालकांच्या पुतळ्यापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या पानावर तुझ्यापाशी अडकले. तेव्हा आता तुलाच लिहिते. संस्था छापो, नाहीतर रद्दीत घालो. तू आहेस की नाहीस हेही मला ठाऊक नाही. असलीस तर नव्वदीला टेकली असशील.

तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगणार आहे, कारण वाचणारे दुसरेही असतील. कंटाळू नकोस.

कापडाच्या कारखान्यात तू चार माग चालवायचीस. माग-खात्यात दोनशे माग एकदम खडखडायचे. शेजारची बाई कानात ओरडली तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तुम्ही सगळ्या ओठांनी बोलायचात. आवाज नाही, नुसते ओठ, चांगले रुंद हलवून. या टोकाची बातमी त्या टोकाला तुझ्यामार्फत जायची, म्हणून तू तारबाई. मी तिथली कल्याण अधिकारी. पंचवीस वर्षांची, कॉलेजातून थेट आलेली, हातात पदवी आणि डोक्यात पुस्तकं. तुम्ही मला कल्याणबाई म्हणायचात आणि माझ्यादेखत ओठांनी म्हणायचात, "आली, आता झालंच आपलं कल्याण." वर्षभरात मला ते ओठ वाचता यायला लागले, तेव्हा तुमची चांगलीच पंचाईत झाली. वयाने तू दहा-बारा वर्षांनी मोठी, तरी मी तुला अगंतुगं करायची आणि तू मला अहो बाई. तेव्हा खटकलं नाही. आता खटकतं, पण सवय मोडायला फार उशीर झाला.

इतिहास म्हणशील तर एवढाच. एका वर्षी साथ आली, अर्धे कामगार पळाले, माग दोन महिने धूळ खात पडले. ज्याला घर आहे तो पळत नाही, हे थोरल्या मालकांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी खोल्यांच्या रांगा बांधल्या. दवाखाना त्यानंतरचा. पाळणाघर आलं ते बाळंतिणी परत कामावर येईनात म्हणून. चारचा चहा आला तो चारनंतर धागे जास्त तुटतात असं कुणीतरी मोजलं म्हणून. पुढे कायदे झाले आणि मर्जीने दिलेलं सक्तीने द्यावं लागलं. पुतळ्याखाली लिहिलंय, कामगारांचे मायबाप. कसले मायबाप. पण खोली खरी होती, दवाखाना खरा होता, आणि ज्या कारखान्यांत हे नव्हतं तिथली माणसं कशी राहायची तेही मी पाहिलंय. म्हणून थट्टा करताना जीभ जरा आवरते.

खोलीची अट एकच. हजेरीपटावर नाव आहे तोवर खोली. नाव कमी झालं की तीस दिवसांत किल्ली परत.

तुझी खोली दुसऱ्या रांगेत, नळासमोर. आत अंथरुणाला खिळलेले सासरे, दोन मुली आणि भिंतीवर नवऱ्याचा फोटो. सासऱ्यांना दवाखान्यातली परिचारिका रोज येऊन पुसून जायची. खोली गेली असती तर तीही गेली असती, आणि उचलून न्यायला तुला दुसरं छप्पर नव्हतं.

आता माझा पराक्रम. मी कुठल्याशा पुस्तकात वाचलं की मागांच्या आवाजाने कान जातात. लगेच अर्ज लिहिला: माग-खात्यातल्या सर्वांचे कान दरवर्षी तपासावेत. साहेबांनी, म्हणजे व्यवस्थापकांनी, सहा महिन्यांनी तो मंजूर केला. मी खूश. दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता, तरुण, नीटनेटका. त्याने पद्धत ठरवली: माणसाला खुर्चीत बसवायचं, पाठीमागे सहा पावलांवर उभं राहून हळू आवाजात दहा शब्द म्हणायचे, माणसाने ते परत म्हणायचे. ज्याचे कान गेले त्याला मागावरून काढायचं. "त्यांच्याच भल्यासाठी आहे, बाई," तो म्हणाला. मीही मान डोलावली. मागावरून काढून ठेवायचं कुठे, हे आम्हा दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

सूचना फलकावर लागली त्याच दुपारी तू माझ्या खोलीत आलीस आणि दार लोटून घेतलंस.

"बाई, मला ऐकू येत नाही."

"कधीपासून? सर्दी झालीय का?"

"सहा वर्षं झाली."

चार वर्षं आपण रोज बोलत होतो. "मग माझं कसं कळतं तुला?"

"तुम्ही तोंड भरून बोलता. तुमचं वाचणं सोपं. तो मुकादम मेला, त्याच्या मिशा आड येतात. कापा म्हणून किती वेळा सांगितलं, त्याला वाटतं मी थट्टा करते." मग तू बसलीस, न सांगता, पहिल्यांदाच. "घरी कुणाला माहीत नाही. थोरलीला शंका आहे. डॉक्टर पाठीमागून बोलणार म्हणे. पाठीमागून मी काय करू?"

मी म्हटलं बघू. तू म्हणालीस, "बघू नका बाई. सासऱ्यांना घेऊन मी रस्त्यावर कशी जाऊ ते सांगा."

बायकांच्या तपासणीला एक बाई हजर असावी असा नियम होता, आणि ती बाई मी. डॉक्टर तुझ्या मागे, मी तुझ्या पुढे. त्याचा शब्द मी ऐकायचा, आवाज न करता ओठांनी तुला सांगायचा, तू परत म्हणायचा. लबाडी होती. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटली ती फक्त भीती, की डॉक्टर मान वर करून माझ्याकडे बघेल.

आठवडाभर सराव केला. कुणी ऐकू नये म्हणून जागा निवडली ती माग-खात्याच्या मागच्या दाराशी, जेवणाच्या सुट्टीतही तिथे अर्धे माग चालू असायचे. मी ओठ हलवायची, पाणी, खिडकी, बारा, सावली. तू ओठांनीच परत म्हणायचीस. एकही चुकला नाही. आपल्या हुशारीवर मी इतकी खूश होते की त्या सरावात कशाची उणीव आहे हे मला दिसलं नाही. तुला दिसायचं कारणच नव्हतं. तुझी अठरा वर्षं त्याच बोलण्यात गेली होती.

तपासणीच्या दिवशी तुझ्याआधी सात जणी होत्या. दोघींच्या कागदावर डॉक्टरने लाल खूण केली. बाकावर बसल्या बसल्या तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस, सोडत होतीस. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. ओठ हलतील की नाही याचीच धास्ती.

तू खुर्चीत बसलीस. डॉक्टर पाठीमागे गेला. "दिवा," तो पुटपुटला.

मी ओठांनी म्हटलं, दिवा. तू ओठांनी म्हटलंस, दिवा. मी हलकेच मान हलवली.

डॉक्टर थांबला. मग, "चौदा."

मी, चौदा. तू, चौदा. ठळक, सुंदर, चुकायला जागा नाही. डॉक्टर पुन्हा थांबला, कागदावर काहीतरी केलं. तिसऱ्या शब्दाला माझ्या ध्यानात आलं. खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, इतकं शांत होतं. तू आवाजच काढत नव्हतीस. समोरच्याने ओठांनी विचारलं की ओठांनीच उत्तर द्यायचं, ही तुमच्या खात्याची रीत, आणि आपण आठवडाभर तीच घोटली होती.

मी घाबरून ओठांनी म्हटलं, आवाज काढ.

तू ओठांनी म्हटलंस, आवाज काढ. तुला वाटलं, हा डॉक्टरचा चौथा शब्द.

मी डोळे मोठे केले, गळ्याला हात लावला. डॉक्टरने मान वर केली. "बाई, बरं वाटत नाही का?" मी हात खाली घेतला. उरलेले सात शब्द मी नुसते सांगत गेले, तू नुसते परत करत गेलीस, आणि तो एकेका शब्दापुढे फुली मारत गेला.

बाहेर व्हरांड्यात तुझा चेहरा उजळलेला होता. "दहाच्या दहा ना, बाई?"

मी तुला तिथे सांगितलं नाही. संध्याकाळी खोलीवर येऊन सांगितलं, थोरलीच्या समोर. तू ऐकून, म्हणजे वाचून, एवढंच म्हणालीस, "अगदी मोठ्याने म्हणायला सांगायचं होतंत." मग सासऱ्यांची उशी सारखी केलीस.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, हिचे कान तुमच्या मागांनी खाल्ले, तिला दुसरं काम द्या, निदान खोली तरी ठेवा.

"मागांनी कशावरून?" साहेब म्हणाले. "हात तुटला असता तर दिसला असता. कामावर आली तेव्हा ऐकू येत होतं, असा कागद आहे का?"

"तेव्हा कोण तपासत होतं?"

"तेच म्हणतोय मी, बाई. तपासणी तुमच्याच अर्जाने सुरू झाली." मग त्यांनी नियमांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "आजारपणाने नाव कमी झालं तर घरातल्या एकाला त्याच कामावर घेता येतं. मुलगी आहे ना अठराची? खोली राहील. हीदेखील सवलतच आहे."

थोरलीने परिचारिकेच्या शिक्षणाचा अर्ज भरला होता. अर्जावर शिफारस माझीच होती. तीस दिवसांतले सतरा तुम्ही दोघींनी एकमेकींशी न बोलता काढले. अठराव्या दिवशी ती स्वतः माझ्याकडे आली, वारसाचा फॉर्म मागितला, उभ्या उभ्या भरला आणि म्हणाली, "आजोबांना हलवता येणार नाही, बाई. आईला सांगा, मला समजावत बसू नको. मला तिचं बोलणं कानांनीही कळतं आणि ओठांवरूनही." मी सही केली. खोली राहिली.

दोन दिवसांनी तू आलीस. रडलेली नव्हतीस.

"बाई, पोरगी एक तारखेला मागावर जाणार. त्याआधी तिचे कान तपासून कागद करून ठेवायचाय. कंपनीच्या नाही, बाहेरच्या डॉक्टरकडून, शिक्का मारून. उद्या तिला कुणी विचारायला नको, कशावरून. मी एकटी गेले तर तो डॉक्टर लिहिता लिहिता मान खाली घालून बोलेल, मला काही कळायचं नाही. तुम्ही बरोबर पाहिजे."

मी म्हटलं, गुरुवारी. साडेदहाला फाटकापाशी. मीच शोधून काढलेला डॉक्टर, पुलापलीकडचा, पत्ता मीच चिठ्ठीवर लिहून घेतला. गुरुवारी पाळणाघर बघायला सरकारी निरीक्षक आले. मी निरोप पाठवला, पुढच्या गुरुवारी. पुढच्या गुरुवारी नव्या न्हाणीघरांचं उद्घाटन होतं आणि भाषण माझं होतं. तू फाटकापाशी अकरापर्यंत उभी होतीस, असं पहारेकऱ्याने सांगितलं. थोरली धुतलेली साडी नेसून शेजारी.

मग कागद न होताच एक तारीख आली. चारच्या चहाच्या रांगेत मला थोरली दिसली, केसांत कापसाचे तंतू. मी विचारलं, कसं वाटतंय. तिने कान पुढे केला. "काय म्हणालात?" पहिल्या दिवशी सगळ्यांनाच तसं होतं, तासा-दोन तासांत उतरतं, हे मला माहीत होतं. तुझ्या खोलीवर मी निरोप धाडला: येत्या गुरुवारी नक्की, साडेदहाला, तिला घेऊन ये.