परड्यातली फुगडी

माझी लेक सांगलीत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी शाळेत परिपाठाला उभी असताना तिच्या छातीत एकदम धडधडायला लागलं, हातपाय गार पडले आणि ती तिथंच खाली बसली. छातीची पट्टी, तो ईसीजी, काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, काळजाला काही नाही, मनानं घोर घेतलाय. कसला घोर ते तिलाही सांगता येईना. पण पुढं परिपाठाची घंटा झाली की तिला घाम फुटायचा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा जावयांचा फोन आला, आणि मी पाटणहून निघून, कराडला गाडी बदलून सांगली गाठली.

डॉक्टरांनीच तिला एका ताईंकडं पाठवलं होतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दुपारी त्यांच्याकडं जायचं. एका दुकानावरचा लांबडा हॉल, खाली सतरंज्या, भिंतीला रंगांचे डबे. आठ-नऊ बाया यायच्या. चित्रं काढायची, पाय आपटायचे, श्वास कसा चाललाय ते बघायचं. मला पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, आजारी माणसाला कुणी खडू देतं व्हय? पण लेक म्हणाली, "आई, तू चल माझ्याबरोबर. एकटीला जिना चढवत नाही." मग गेले.

त्या दिवशी ताईंनी खाकी कागदाचं भेंडोळं जमिनीवर पसरलं. एकीनं त्यावर उताणं झोपायचं, दुसरीनं तिच्या अंगाभोवती खडू फिरवून आकार काढायचा. मग जिथं अंग आखडतं, जिथं भीती बसलीय असं वाटतं, तिथं तिनं रंग भरायचा. माझी लेक झोपली आणि खडू माझ्या हातात आला.

अंगाखांद्यावर वाढवलेली पोर, पण तिला हात लावून मला किती वर्षं झाली होती! डोक्यापासून सुरुवात केली. खांद्याशी आले तर खांदे कानापाशी चढलेले. कमरेशी खडू नेताना माझं मनगट तिच्या पोटाला लागलं. पोट परातीसारखं कडक, आणि श्वास आत धरून ठेवलेला. मी म्हटलं, "श्वास सोड की गं."

"सोडलाय की."

सोडला नव्हता. आणि त्याच क्षणी मला कळलं की हे पोट मी आधी बघितलंय. मीच असं करून ठेवलंय.

हे फौजेत होते. सुट्टी संपवून निघाले की आमच्याकडं रीत ठरलेली. ओवाळायचं, हातावर दही घालायचं आणि उंबऱ्यात ताठ उभं राहायचं. रडायचं नाही. फौजीच्या पाठीमागं डोळ्याला पदर लावला तर घरच्या बाईला सगळी आळी नावं ठेवायची. गाडी फाट्यावरून जाईपर्यंत केरसुणीलाही हात लावायचा नाही.

लेक सात वर्षांची होती. बाप निघाला की ती उंबऱ्यात थांबायची नाही. मागच्या परड्यात पळायची, उकिडवी बसायची आणि एकटीच बसफुगडी घालायची. एक पाय पुढं, एक पाय मागं, आणि तोंडानं फू फू फू. दमून मातीत आडवी होईपर्यंत. मग उठायची, पाय झटकायची आणि भाकरी मागायची. दर सुट्टीला असंच.

फुगडी पंचमीची, आनंदाची. बाप सीमेवर चाललाय आणि पोर फुगड्या घालतीय, हे कुणी बघितलं तर काय म्हणतील? एकदा शेजारची बाई कुडावरून बोललीच, "लेकीला बाप गेल्याचा लय आनंद झालाय वाटतं!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी परड्यात गेले, पोरीच्या दंडाला धरून उठवली आणि धपाटा घातला. म्हटलं, "तुझा बाप अजून गाडीत बसला न्हाई, आन् तू नाचतीस? तोंड मीट. श्वास पोटात धर आन् माझ्याजवळ उभी ऱ्हा."

तिनं तसंच केलं. पुढच्या सुट्टीला आपण होऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली, पोट आत, तोंड मिटून. आळीतल्या बाया म्हणाल्या, "फौजीची पोर शोभते खरी!" मला ते आवडलं, हे आता लिहायला लाज वाटते, पण आवडलं होतं.

पुढच्या खेपेला हे घरी आले तर मला म्हणाले, "आवं, पोरगी फुगडी घालत न्हाई का आता? मी फाट्यापर्यंत तिचं फू फू ऐकत जायचो. ते ऐकू येईनासं झालं की मागं वळून बघायचो." मी म्हटलं, "मोठी झाली ती." एवढंच म्हटलं. हे जाऊन आता पाच वर्षं झाली, खरं काय ते त्यांना कधी कळलं नाही.

तर इकडं हॉलमध्ये लेकीनं आपल्या आकारात रंग भरला होता. पोटात निळ्या रेघा इतक्या दाट की कागद फाटायला आलेला. पाय मात्र कोरे. ताईंनी विचारलं तर म्हणाली, "पाय मला जाणवतच नाहीत. आहेत का नाहीत कुणास ठाऊक."

मग ताईंनी सगळ्यांना उभं केलं. पाय आपटायचे आणि तोंडानं फू करून श्वास बाहेर टाकायचा, आवाज करत. एक जैन आजी होत्या, माझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "बायांनो, चूल पेटत न्हाई असं समजा आणि फुंका!" सगळ्या हसल्या, फुंकायला लागल्या. माझ्या लेकीचे ओठ मात्र उघडेनात. ताईंना म्हणाली, "मला नाही जमत. मी लहानपणापासून अशीच आहे. शांत."

मी भिंतीशी उभी होते. वाटलं, आत्ताच्या आत्ता ओरडून सांगावं. पण मी खडूचे तुकडे गोळा करत बसले.

घरी आल्यावर वाटाणे सोलता सोलता विषय काढला. म्हटलं, "तू लहानपणी अशी नव्हतीस हं. परड्यात फुगडी घालायचीस. अण्णा सुट्टी संपवून निघाले की."

तिचे हात थांबले. "मी? मग बंद कशी झाली?"

"घरात कुणाला आवडायचं न्हाई."

"कुणाला? आजीला?"

मी वाटाणे सोलत राहिले.

"आजीनं मारलं मला?"

आणि मी गप्प बसले. व्हय म्हटलं नाही, न्हाई म्हटलं नाही. माझ्या सासूनं या पोरीला जन्मात बोट लावलं नव्हतं. दुधावरची साय बाजूला काढून हिला घालायची ती. ती गेली, तिला काय, ती थोडीच उत्तर द्यायला येणार आहे, असा विचार माझ्या मनात आला. खरंच आला.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. लेक जावयांना सांगायची, "आजी कडक होती म्हणे." भिंतीवर सासूचा फोटो आहे, लेक त्याला रोज फूल घालायची, ते तिनं चार दिवस घातलं नाही. एकदा खोटं बोलणं निराळं. हे रोज नव्यानं बोलल्यासारखं होत होतं, तोंड न उघडता.

शनिवारी हॉलच्या जिन्याशी आलो. ती कठड्याला धरून पहिली पायरी चढली आणि मी मागून म्हटलं, "आजीनं न्हाई. मी मारलं."

ती वळली. "काय?"

"मी मारलं. आजी तवा शेतात होती. तिला ठाऊक पण न्हाई. आळीत नावं ठेवतील म्हणून मारलं. आन् अण्णांनी विचारलं तर त्यांना सांगितलं पोरगी मोठी झाली. त्यांना तुझी फुगडी लय आवडायची."

ती एक पायरी खाली उतरली. रस्त्यावर एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मग म्हणाली, "मग आठवडाभर का गप्प बसलीस?"

"लाज वाटली गं."

"आणि मी आजीला काय काय बोलले! तू ऐकत होतीस."

"व्हय."

"आज तू वर येऊ नकोस," ती म्हणाली आणि कठडा न धरता जिना चढून गेली.

मी खालीच दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदारानं पाणी विचारलं, नको म्हटलं. तासाभरानं बाया उतरायला लागल्या. जैन आजी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आज आला न्हाईत वर?" मी नुसती मान हलवली. लेक सगळ्यात शेवटी आली. डोळे सुजलेले, बोटांना रंग लागलेला. माझ्यासमोर उभी राहिली.

"कुठं मारलंस?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पाठीत," मी म्हटलं. हात मागं नेऊन माझ्याच पाठीवर दाखवलं, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध. "हितं."

तिनं खांदे थोडे हलवले, मागं-पुढं. "एकदा?"

इथंही माझ्या जिभेवर एकच आलं होतं.

"दोनदा," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि रिक्षा थांबवली.